वुस्टरचं कथीड्रल आणि बदनाम जॉन राजा

बर्मिंगहॅमहून ट्रेन पकडून वुस्टरला गेलो ते खास इंग्लंडच्या जॉन राजाची कबर बघायला. रॉबिन हूडच्या गोष्टीतला व्हिलन तो हाच. सेव्हर्न नदीच्या काठावरच कथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) आहे आणि आत गेलं की मुख्य वेदीच्या बरोबर समोर हे महाशय आडवे.

कबरीवरचा पुतळा पर्बेक मार्बलचा (इंग्लंडातलाच एक चकचकीत होणारा चुनखडीचा दगड), साधारण १२३२ चा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे बिशप, म्हणजे संत वुल्फस्टन आणि संत ऑस्वल्ड, दोघेही वुस्टरचेच जुने बिशप. मेल्यावर वुल्फस्टनच्या जवळच पुरा असं राजाने स्वतः सांगून ठेवलेलं, बहुतेक वर वशिला लागेल म्हणून! पायाशी सिंह आहे आणि त्याने राजाच्या तलवारीचं टोक चक्क दातात धरलंय, मी तिथेच वाकून बराच वेळ बघत बसलो.

तसा माणूस आळशी नव्हता हां, सतत राज्यभर फिरायचा, स्वतः न्यायनिवाडे करायचा, कारभाराची दप्तरंही त्याच्या काळापासून नीट सापडतात. पण विश्वास कोणाचाच नाही. पुतण्या आर्थर गादीवर हक्क सांगत होता, त्याला १२०२ मध्ये पकडला आणि पुढच्या वर्षी तो पोरगा कैदेतून गायबच झाला, सगळ्यांचा संशय काकावर (आपल्याला लगेच नारायणराव आणि राघोबा आठवणार). १२०४ ला नॉर्मंडी (फ्रान्समधला त्याचा मुलूख) हातची गेली, ती परत घ्यायला सरदारांकडून पैसा पिळ पिळ पिळला आणि १२१४ ला तिथेही हरला, मग सरदार कशाला ऐकतात, १५ जून १२१५ ला रनीमीडला मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या मनमानीला लगाम घालणाऱ्या सनदेवर, त्याच्याकडून शिक्का मारून घेतला. त्याने पण दोन-अडीच महिन्यात पोपकडून ते रद्द करून आणलं की लगेच यादवी! त्या धामधुमीत पूर्व किनाऱ्यावरच्या वॉशच्या खाडीत भरतीच्या पाण्याने त्याचं सामानसुमान गेलं आणि ऑक्टोबर १२१६ मध्ये नेवार्कला हगवणीने राजा गेला. वारस नऊ वर्षांचा.

खाली वुल्फस्टनने बांधलेलं तळघर आहे ते चुकवू नका, बुटक्या खांबांची नुसती गर्दी.

आणि गंमत म्हणजे जॉनपासून चार पावलांवर अजून एक आर्थर आहे, सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा, १५०२ मध्ये पंधराव्या वर्षी वारला. त्याच्यासाठी केलेलं चॅपल (छोटं प्रार्थनाघर) म्हणजे दगडाची जाळीदार नक्षी नुसती, जॉनपेक्षा जास्त फोटो मी तिथेच काढले. हा जगला असता तर धाकटा आठवा हेन्री गादीवर आलाच नसता, आणि हेन्रीच्या त्या सहा बायकाही वाचल्या असत्या.