दसरा चौकातल्या भिंती

आधीच्या चित्रकाराची चित्रे सायंकाळी उतरली, की कोल्हापूरच्या दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन आमच्या स्वाधीन होत असे, आणि आमच्या चित्रकला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाची खरी सुरुवात माझ्या लेखी त्याच घटकेला होई. दुसऱ्या दिवशीचे दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण आणि पेढे हे सारे रीतीप्रमाणे पार पडे. पण रिकाम्या भिंतींसमोर जमिनीवर सव्वाशे-दीडशे चित्रे टेकवून ठेवलेली, मधोमध सर उभे, आणि कोणते चित्र कोणाच्या शेजारी जाणार हे अजून कोणालाच ठाऊक नाही, ती संध्याकाळ वर्षातून एकदाच येत असे. नव्वदच्या दशकात मी कागलहून एस.टी.ने येऊन-जाऊन या महाविद्यालयात शिकले. त्या काळातल्या परीक्षांचे निकाल आज मला आठवत नाहीत, ही संध्याकाळ मात्र प्रत्येक वर्षाची वेगळी आठवते.

चित्र टांगणे हे शिकण्याचे काम आहे, हे मला तिथे कळले. नायलॉनची दोरी किती सैल ठेवायची, चौकट वरच्या बाजूने भिंतीपासून किती कलू द्यायची, काचेवर खिडकीचा उजेड कोठून येतो आणि जलरंगातले चित्र त्याच्या समोर का लावायचे नाही, या गोष्टी वर्गात कोणी सांगितल्या नव्हत्या. आमच्या एका वर्गमित्राचे वडील गवंडी होते. तो घरून पाणसळ घेऊन येई आणि एकेका ओळीवरून ती फिरवून चित्रांच्या मधल्या रेषा जुळवून घेई. सर मात्र पाणसळीवर शेवटचा भरवसा ठेवीत नसत. ते दारापर्यंत मागे जात, डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "पाणसळ बरोबर आहे, पण चित्र उतरतंय. उजवीकडनं बोटभर उचल." ते बोटभर उचलल्यावर चित्र खरोखरच सरळ दिसे. चित्रातल्या गडद भागाचा भार डोळ्याला कसा जाणवतो, हे मी अशा एका बोटाच्या फरकातून शिकले.

एव्हाना नऊ वाजलेले असत. कोणीतरी मिसळीचे डबे आणि पाव घेऊन येई, आणि खाता खाता सर दरवर्षी त्याच गोष्टी सांगत. शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून सांभाळलेले आबालाल रहमान, कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून रंकाळा, पंचगंगा आणि आसपासची झाडे पुन्हा पुन्हा रंगवणारे. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रे तळ्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. मग नाटकांचे पडदे रंगवत मोठे झालेले आनंदराव आणि बाबूराव पेंटर; बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९२० मध्ये पडद्यावर आणलेली 'सैरंध्री'. मग कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये मोठ्या पदाला पोहोचलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. सरांचा आवाज आबालालांच्या गोष्टीपाशी नेहमी हळवा होई. मला मात्र ती गोष्ट तेव्हाही सोसत नसे आणि आजही सोसत नाही, कारण पाण्यात गेलेल्या त्या चित्रांसमोर उभे राहून 'हे झाड आमच्या घाटावरचे' असे म्हणण्याचा गावाचा हक्कही त्यांच्याबरोबर बुडाला, असे मला वाटते. वाचलेली काही चित्रे टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. प्रदर्शन संपल्यानंतरच्या रविवारी आम्ही ती पाहायला जात असू, आणि कोटितीर्थाच्या पाण्यावरचा ओला उजेड त्यांनी किती थोड्या रंगात धरला आहे ते पाहून परतताना कोणी फारसे बोलत नसे.

आमचे प्रदर्शन पाच-सहा दिवसांचे असे, पण त्या भिंती वर्षभर कोणा ना कोणाच्या असत. एका आठवड्यात इचलकरंजीच्या कलाशिक्षकांची निसर्गचित्रे, पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजच्या कोणा तरुणाचे पहिलेच प्रदर्शन, मग सांगली-मिरजेकडची मंडळी, मग के. बी. कुलकर्णींच्या परंपरेतले बेळगावचे व्यक्तिचित्रकार, ज्यांच्या एकेका फटकाऱ्याकडे आम्ही नाक काचेला लागेपर्यंत वाकून पाहत असू. यातली बरीच माणसे शाळेत चित्रकला शिकवून, दुकानांच्या पाट्या रंगवून किंवा गणपतीच्या मूर्ती घडवून घर चालवणारी होती, आणि वर्षभर रात्री जागून केलेली वीस-पंचवीस चित्रे गोधडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून आणीत. एकदा कोकणातून पिंगुळीची चित्रकथी आली. ठाकर समाजाच्या कलावंताने एकेक चित्र उचलून रामायणातला प्रसंग गाऊन सांगितला, आणि चित्र भिंतीवर स्थिर राहण्यासाठीच असते ही माझी समजूत त्या दिवशी सुटली. एस.टी. चुकली तरी चालेल, पण दर आठवड्याला कलादालनात डोकावायचे, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली होती.

दसरा चौकाची जागाही या कामाला मोठी अनुकूल आहे. एका बाजूला सी.पी.आर. रुग्णालय, आसपास महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे, आणि चौकात खुद्द महाराजांचा पुतळा. त्यामुळे चित्रे पाहायला म्हणून घरून निघालेल्या माणसांइतकीच, दुसऱ्याच कामाने आलेली आणि वेळ काढायला आत शिरलेली माणसे आमच्याकडे येत. रुग्णालयात कोणीतरी दाखल असलेले नातेवाईक दुपारी भेटीची वेळ होईपर्यंत चपला दाराशी काढून आत येत. देवळात शिरावे तसे ते हळू चालत आणि प्रत्येक चित्रासमोर सारखाच वेळ थांबत.

तिसऱ्या वर्षी माझे एक मोठे तैलचित्र लागले होते. गळीत हंगामातली पहाट, उसाने लादलेली बैलगाडी, धुक्यात पुढे वाकलेले दोन बैल. पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख केला होता आणि मी दोन दिवस त्याच आनंदात होते. तिसऱ्या दिवशी धोतर-पटका घातलेले एक आजोबा त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की मुलगा दवाखान्यात आहे, आणि मग चित्राकडे बोट करून म्हणाले, "पोरी, बैल ग्वाड हाईत. पर जुवाला शिवळ न्हाई की. चढाला बैल मान काढून जाईल." मी पाहिले. जू होते, दोरखंड होता, बैलाच्या मानेवरचे घट्टेसुद्धा मी रंगवले होते. पण बैलाची मान जुवाखाली जिने अडकते ती शिवळच नव्हती. ज्यांनी चित्राला मान्यता दिली होती त्या कोणालाही ते दिसले नव्हते, आणि कागलच्या रस्त्यावर रोज शेकडो गाड्या पाहणाऱ्या मलाही दिसले नव्हते.

मी सरांना सांगितले. भिंतीवर लागलेल्या चित्राला हात लावू नये, असा सरांचा कडक नियम होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "रात्री दालन बंद झाल्यावर लाव. आजोबा उद्या येतील." त्या रात्री स्टुलावर उभी राहून मी बर्न्ट अंबरमध्ये दोन शिवळा रंगवल्या. दुसऱ्या दिवशी आजोबांनी ओल्या रंगाकडे पाहिले आणि काहीच न बोलता हाताने माझ्या डोक्याला स्पर्श केला. मुलगा बरा होऊन घरी चालल्याचे त्यांनी जाता जाता सांगितले. अभिप्राय वहीत त्यांनी अंगठा उमटवला. त्या वहीत मोठ्या नावांच्या सह्या पुष्कळ आहेत, पण मी जपून ठेवलेल्या छायाप्रतीत ते एकच पान आहे.

त्यानंतर प्रदर्शनात मी माझ्या चित्रापासून दूर, खांबाला टेकून उभी राहू लागले. माणसे कोठे थांबतात, काय पाहून एकमेकांना कोपर लावतात आणि कोणत्या चित्रासमोर आपल्या गावाचे नाव घेतात, ते ऐकत राहणे हेच माझे काम होऊन बसले. आठवडाभर ऐकलेले मी वहीत टिपून ठेवी आणि पुढच्या वर्षीचे चित्र त्या टिपणांतून निघे.

याच दिवसांच्या आसपास टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरे. झाडांखाली कोणी समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र करतो आहे, कोणी शाडूत चेहरा उभा करतो आहे, आणि सोबत गाणे चालू आहे, असे ते एका दिवसाचे सुंदर संमेलन. कलादालनात पूर्ण झालेले चित्र दिसे; इथे पहिली रेघ चुकलेली, पुसलेली आणि पुन्हा धरलेली दिसे. लहान मुले शिल्पकाराच्या पुढ्यात मांडी घालून बसत आणि मातीच्या गोळ्याला नाक कधी फुटते याची वाट पाहत. त्यांतली काही पुढे आमच्या महाविद्यालयात आली, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेवटचा दिवस रविवारचा असे. सात वाजता दार लावले, की ज्या क्रमाने चित्रे चढली त्याच्या उलट क्रमाने ती उतरत. चित्रे टांगायचे आकडे मोजून डब्यात भरणे, चुरगळलेली लेबले काढणे, भिंतीवर राहिलेल्या खुणा ओल्या फडक्याने पुसणे, ही कामे पहिल्या वर्षाच्या मुलांकडे असत आणि ती करताना मला नेहमी भरून येई. एका वर्षी आम्ही भिंती पुसत असतानाच पुढच्या आठवड्याचे चित्रकार येऊन दाराशी थांबले होते. आजऱ्याकडचे प्राथमिक शिक्षक, सोबत पत्नी आणि लहान मुलगी, आणि जुन्या साडीत बांधलेल्या चौकटींचे चार गठ्ठे. त्यांचे हे पहिलेच प्रदर्शन होते. सरांनी आकड्यांचा डबा त्यांच्या हाती दिला, आमच्या मित्राने पाणसळ पिशवीतून पुन्हा बाहेर काढली, आणि आम्ही सारे गठ्ठे सोडायला बसलो.