सुपारीच्या गावातली डॉनची चाहती

आमच्या श्रीवर्धनात सुपारी वाडीत पिकते. मी रात्री वाचते त्या माफियाच्या प्रेमकथांत ती दिली जाते. आईला एवढंच ठाऊक आहे, की मी मोबाइलवर "काहीतरी इंग्रजी" वाचते.

गोष्ट बहुतेक तीच. दोन घराण्यांचं वैर, ते मिटवायला लावून दिलेलं लग्न, नवरा सिसिलियन डॉन. शर्टाच्या बाहीवर कुणाचं तरी रक्त, आणि ही उपाशी झोपली म्हणून मध्यरात्री स्वतः पास्ता उकळतोय. मी तिथेच विरघळते. खूनबिन नाही हो, तो पास्ता! मला बघायला आलेल्या तिघांपैकी एकानेही "तुम्ही खाल्लंत का?" विचारलं नव्हतं. पोहे मात्र सगळ्यांनी संपवले.

शिवाय आत काय काय भयंकर आहे, ते लेखिका बऱ्याचदा पहिल्याच पानावर सांगून टाकते. शेवट गोड, हेही ठरलेलं. घाबरायचं किती, ते माझ्या अंगठ्यावर.

खरा माफिया नको रे बाबा. १९९२ साली सिसिलीतल्या पालेर्मोजवळ माफियाच्या मागे लागलेले न्यायाधीश फाल्कोने यांना हमरस्त्याखाली स्फोटकं पेरून मारलं, सोबत पत्नी आणि तीन अंगरक्षक. लांब कशाला, १९९३च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते इथे जवळच, शेखाडीला. त्या रस्त्याने जाताना बाबा अजून गप्प होतात.

काल वीज गेली, मोबाइल चार टक्क्यांवर आणि डॉन नेमका तिच्या दारात. पॉवर बँक शोधताना अंधारात अडकित्त्यावर पाय पडला.

"काय गो, चोर शिरला काय?" आई आतून ओरडली.