चार महिने अडकलेला अहवाल

फुटबॉल रेफरी म्हणून वरच्या श्रेणीत जाण्यासाठी मला लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी आणि प्रत्यक्ष सामन्यातील मूल्यमापन असे तीन टप्पे पार करावे लागले. पहिल्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्यासाठी पुण्यातील बालेवाडीच्या ट्रॅकवर 40 मीटरच्या 6 धावा आणि त्यानंतर 75 मीटर धावणे, 25 मीटर चालणे अशी 40 आवर्तने पूर्ण केली, तीही दम राखून.

तिसऱ्या टप्प्यातील सामना संपताच असेसरांनी, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या निरीक्षकांनी, मला बाजूला घेतले. बाराव्या मिनिटाला मागून केलेल्या टॅकलवर मी तोंडी समज दिली होती आणि सत्तराव्या मिनिटाला अगदी तशाच टॅकलवर पिवळे कार्ड दाखवले होते. "सर, सुरुवातच होती, म्हणून सोडले," असे मी म्हणताच त्यांनी विचारले, "बाराव्या नियमात घड्याळ कुठे दिसले तुम्हाला?" मला उत्तर नव्हते. निष्काळजी फाउलला कार्ड नाही, समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता केलेल्या फाउलला पिवळे आणि अवाजवी बळ वापरल्यास लाल, अशी मोजपट्टी फाउलांबद्दलच्या या नियमात आहे. आधी समज द्यावी अशी अट नाही.

तरीही त्यांनी मला उत्तीर्ण केले. मात्र त्यांचा अहवाल कार्यालयात चार महिने सापडला नाही. आधी तो आलाच नाही असे सांगण्यात आले, मग आला पण सही नाही, मग सही आहे पण फाइल पाहणारे गृहस्थ रजेवर आहेत. प्रत्येक वेळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हडपसरहून पीएमपीच्या बसने जात होतो. त्याच दिवशी, त्याच मैदानावर मूल्यमापन झालेल्या माझ्या मित्राला तीन आठवड्यांत पत्र मिळाले होते. म्हणजे एकाच प्रकरणाला दोन न्याय, आणि बोलणी मात्र मी खाल्लेली! अखेर माझा अहवाल त्याच्याच फाइलमध्ये सापडला, तोही त्याला वेगळाच कागद हवा होता म्हणून. त्यामुळे तारीख, मैदान आणि सामना क्रमांक लिहून पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत त्याच आठवड्यात मागावी.

लेखी परीक्षेचे एक राहिलेच: नियमांतील बदल 1 जुलैपासून लागू होतात, म्हणून चालू मोसमाचीच प्रत वाचावी. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात झालेल्या फाउलने गोलची स्पष्ट संधी हिरावली, तर 2016 पासून पेनल्टीसह पिवळे कार्ड दिले जाते. माझ्या जुन्या पुस्तकात लालच होते.

बढतीनंतरच्या पहिल्या सामन्यात नवव्या मिनिटाला मी पिवळे कार्ड काढले. "अहो सर, पहिलाच फाउल आहे!" असा बाकावरून ओरडा झाला. मी क्रमांक टिपून घेतला आणि शिट्टी वाजवली.