पाण्याच्या वाटेत तंबू

जुलै संपत आला की आमच्या दादरच्या ऑफिसातले फोन एकाच तारखेसाठी वाजायला लागतात. पंधरा ऑगस्टला शनिवार-रविवार जोडून आला की झालंच. "कुठंतरी थंड हवेत, चार रात्री, बजेटमध्ये." थंड हवा म्हटलं की मुंबईकराला हिमाचल आठवतं, आणि हिमाचल म्हटलं की मनाली. ऑगस्टात तिकडे जाऊ नका असं आम्ही सांगतो. मग ती पार्टी दुसऱ्या एजंटकडे जाते, तो बुकिंग करतो आणि रस्ता बंद पडला की लोक आम्हालाच फोन करून विचारतात, आता काय करायचं.

त्या दिवशीची पार्टी मात्र निराळी होती. वरळी कोळीवाड्यातले एक काका, त्यांची मुलगी आणि जावई. काका गोदीतून निवृत्त झालेले, पण घरची होडी अजून पाण्यात. जावई आयटीतला, काही वर्षं कोलोराडोत राहून आलेला आणि तिथून फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरायचं, वेड घेऊन आलेला. माणूस तयारीने आला होता. लॅपटॉपवर तक्ता, तारखा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याच्या, जागा कुलूकडची तीर्थन नदी, राहायचं नदीकाठच्या तंबूत. आम्ही फक्त प्रवासाची तिकिटं आणि लँड पार्ट, म्हणजे तिथली गाडी वगैरे सोय, बघायची.

"उन्हाळ्याचा शेवट म्हणजे ट्राउटचा सगळ्यात चांगला सीझन," तो म्हणाला.

ट्राउट म्हणजे थंड, वाहत्या पाण्यातला मासा. जावयाचं म्हणणं अमेरिकेतल्या रॉकी पर्वतासाठी अगदी बरोबर होतं. तिथं बर्फ वितळून नद्या मे-जूनमध्ये फुगतात आणि ऑगस्टपर्यंत उतरून स्वच्छ होतात. काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, त्यांच्यासाठी मासा वर येतो. म्हणून तिकडचे लोक ऑगस्टात नाकतोड्यासारख्या दिसणाऱ्या माश्या गळाला बांधून फिरतात. दुपारी गडगडाट होतो खरा, पण तो तासाभराचा. आपल्याकडे हिमालयात बर्फाचं पाणी ओसरायच्या आतच वरून मॉन्सून येतो. जुलै-ऑगस्टात नदी चहाच्या रंगाची होते. ट्राउट भक्ष्य बहुतकरून डोळ्यांनी शोधतो. गढूळ पाण्यात पिसाची एवढीशी माशी त्याला दिसणार कशी?

एवढं सांगूनही जावई ढळेना. रजा मंजूर झाली होती, ऑगस्टात दर पडलेले होते आणि कॅम्पवाल्याला टोकन म्हणून पाच हजार त्याने परस्पर पाठवूनही दिले होते. मी 2023 च्या जुलैची आठवण काढली. तेव्हा बियास नदीने मंडी ते मनालीचा रस्ता ठिकठिकाणी खाल्ला होता आणि हजारो पर्यटक अडकले होते. त्यावर तो म्हणाला, "तीर्थनवर धरण नाही ना, मग पाणी सोडायचा प्रश्नच नाही."

अभ्यास करून आलेल्या माणसाशी वाद घालणं कठीण असतं, कारण त्याची निम्मी माहिती खरी असते. तीर्थनवर खरंच धरण नाही. ती खाली लारजीला बियासला मिळते, धरण आहे ते तिथं. त्याच लारजीच्या खाली थलौटला 8 जून 2014 रोजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची 24 मुलं वाहून गेली. खडकांवर फोटो काढायला उतरली होती. पण धरण नसलेल्या नदीलाही पूर येतोच. वर दहा किलोमीटरवर ढग फुटला तर कॅम्पवर एक थेंब न पडता पाणी येतं.

काका तोवर गप्प होते. टेबलावर जावयाने उघडून ठेवलेली माश्यांची डबी न्याहाळत होते. डबीत फोमच्या खाचेत ओळीने रोवलेले गळ, त्यांवर कोंबड्याची पिसं, हरणाचे केस, कुठं सोनेरी तारेचा वेढा. त्यांनी जाड बोटांनी एक उचलली, आणि नेमका वर पंखा. ती उडाली ती थेट आमच्या अंदमानच्या ब्रोशरमध्ये जाऊन रुतली.

"गरी एवढीशी?" काका म्हणाले. "हिच्यावर बोय मासळीसुद्धा यायची नाही. आणि वजन नाही, शिसं नाही, मग लांब जाते कशी?"

जावई खुलला. फेकायची असते ती माशी नव्हेच, जाड दोरी. वजन त्या दोरीत असतं, काठी मागे-पुढे केली की दोरी हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो, वाहत येणारं खातो. म्हणून त्याच्या वरच्या बाजूला सोडायची आणि पाण्याच्याच वेगाने त्याच्या तोंडापाशी येऊ द्यायची.

"म्हणजे डोलीच्या जाळ्याचाच हिशोब," काका म्हणाले. "जाळं जागेवर, मासा पाणी आणून देतं. इथं मासा जागेवर आणि खाणं पाणी आणून देतं." मग माझ्याकडे वळून, "ताई, तिकडे बंदी असते का? आमची जून-जुलै."

असते, म्हटलं. ट्राउटच्या पाण्यात हिमाचलमध्ये 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद. तपकिरी ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतो. काकांना ते लगेच पटलं. जावयाला हे ठाऊक होतं, पण बंदीच्या तारखेवरून मागे मोजत यायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मॉन्सून हिमाचलमधून साधारण सप्टेंबरच्या अखेरीस माघारी फिरतो आणि सीझन 31 ऑक्टोबरला संपतो. उरतो मधला महिनाभर. पाणी निवळलेलं, आभाळ स्वच्छ, मासा थंडीआधी खाऊन घेणारा. आमच्या धंद्याच्या दृष्टीने तर सोनं, कारण गणपती उरकलेले असतात, पितृपक्षात मराठी माणूस फारसा हलत नाही, आणि दिवाळीची गर्दी बहुतेक वर्षी लांब असते. फक्त कुलूचा दसरा टाळायचा. तो विजयादशमीला सुरू होऊन सात दिवस चालतो आणि त्या काळात कुलूत खोली मिळत नाही.

तारखांवर जावई थोडा नरमला. कॅम्पवर नाही. "तंबूच्या दारात नदी हवी," हे पालुपद चालूच. त्याने मोबाइलवर कॅम्पचे फोटो उघडले. पांढऱ्या गोट्यांवर चार तंबू, पुढे निळंशार पाणी, दिव्यांच्या माळा. फोटो सुंदर होता, नाही म्हणत नाही.

काकांनी मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत नेला. तंबू सोडून ते मागच्या झुडपापाशी थांबले. चष्मा वर केला, मोबाइल नाकाशी आणला.

"हे काय आहे बघा."

झुडपाच्या फांद्यांत छातीएवढ्या उंचीवर वाळकं गवत गुंडाळलेलं होतं. मधेच निळ्या प्लास्टिकची फाटकी पट्टी. सगळं एकाच दिशेला कंगवा फिरवल्यासारखं वळलेलं.

"हे गवत इथं उगवलेलं नाही. पाण्याने आणून अडकवलंय. म्हणजे पाणी इथवर आलं होतं." बोट खाली सरकलं. "आणि हे गोटे. सगळे एकमेकांवर रेललेले, एकाच बाजूला. नदीने रचलेत. यांच्यात माती नाही, एक तण नाही. दरवर्षी धुतलं जातंय. जावईबापू, तुमचा तंबू नदीच्या काठावर नाही, नदीत आहे. नदी सध्या घरी नाही एवढंच."

ऑफिसात कोणी बोललं नाही. मग मुलीनेच कॅम्पवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "सर, एकदम सेफ है, सालों से चल रहा है." काकांनी कोळीवाड्याच्या हिंदीत विचारलं, "पिछले बारिश में पानी किधर तक आया था?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "टेंट तो हम बारिश में हटा लेते हैं सर."

"और रात को आया तो? अपुन सोयेला है, कौन हटाएगा?"

यावर तो नेटवर्क नाही म्हणाला.

मी तोवर नकाशा उघडून बसले होते. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या आजूबाजूला नदीपासून बऱ्यापैकी वर, सफरचंदाच्या बागांत होमस्टे आहेत. तिथं जुन्या शेताच्या पायऱ्या आहेत, तंबू लावायचाच हट्ट असेल तर त्या पायरीवर लावता येतो आणि पहाटे काठी घेऊन खाली उतरता येतं. नदी ऐकू येते, अंगावर येत नाही. काकांनी एकच विचारलं, जिथं तंबू त्याच्या बाजूला नाला आहे का? कारण तोही उतरतो. होमस्टेवाल्या बाईंना मी तोच प्रश्न विचारला. नाला कुठल्या बाजूने जातो आणि त्यात पाणी कधी चढतं, दोन्ही त्यांनी सांगितलं. असं घडाघडा सांगणारा माणूस मला आवडतो.

पुढचं काम भराभर झालं. मुंबई सेंट्रलहून राजधानी, दिल्लीहून संध्याकाळची मनालीची व्होल्वो, पहाटे औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून बंजारमार्गे जीप. परतीला एक दिवस रिकामा ठेवला, कारण पहाडातला रस्ता आपलं वाउचर बघत नाही. मासेमारीचा परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून. विमानाने जायचं ठरलं तर गळ आणि माश्या चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये नाही. एक दिवस ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये चालत जाण्यासाठी ठेवला, त्याची परवानगी वेगळी. 2014 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, हे जावयाला माहीत होतं. ट्राउट तिथला मूळचा नाही, हे काकांना ऐकायला नवीन होतं. इंग्रजांनी 1900 मध्ये स्कॉटलंडहून अंडी आणून तो काश्मिरात वाढवला आणि तिथून 1909 मध्ये कुलूत आणला. "एवढ्या लांबून बर्फात अंडी आणली? शाबास," काका म्हणाले. इंग्रजांचं कौतुक त्यांनी एवढंच केलं.

पाच हजारांचं टोकन कॅम्पवाल्याने परत दिलं नाही. जावयाने चार-पाच मेसेज टाकले आणि सोडून दिलं. आमच्या साहेबांना माझं कौतुक वाटलं नाही, कारण होमस्टेत कमिशन जवळपास नाहीच.

निघताना जावयाने जरा चाचरतच सांगितलं की त्याच्या पद्धतीत पकडलेला मासा हात ओला करून धरायचा आणि परत सोडायचा.

काका दारात थांबले. "सोडायचा?"

"बाबा, परवान्यात थोडे ठेवायला चालतात, पण..."

"मग पण कशाला?"

मुलीने हसू दाबत आईला फोन लावला. सगळा प्लॅन ऐकून पलीकडून मावशींचा खणखणीत आवाज आला, तो ऑफिसभर ऐकू गेला. तंबूत त्या झोपणार नव्हत्या, त्यांना खाट हवी होती. मासा सोडा नाहीतर ठेवा, त्यांना फरक पडत नव्हता, त्या जवळ्याची सुकट घेऊन येणार होत्या. राजधानीच्या एसी डब्यात सुकट चालते का, हे ताईला विचारून घे, म्हणाल्या.

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्या, आणि दिल्ली येईपर्यंत उघडू नका, असं मी सांगितलं.