जपानी आयटीतली वाढ नेमकी कुठल्या मजल्यावर आहे?

जपानला २०३० पर्यंत ७ लाख ९० हजार आयटी माणसं कमी पडणार, हा आकडा पुण्यात जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडतोच. आकडा खोटा नाही. इथल्या, म्हणजे जपानच्या, अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने तो २०१९ मध्ये मांडला. फक्त त्यांनी तीन अंदाज दिले होते आणि हा त्यातला सगळ्यात वरचा. मधला साधारण साडेचार लाखांचा, खालचा १ लाख ६४ हजारांचा. तिकडे पुण्यात पोचतो तो नेमका वरचाच.

माणसांची टंचाई मात्र खरी आहे. पण ती नवीन ॲप काढायला नव्हे, जुनं घर उतरवून त्याच जागी तसंच घर उभं करायला आहे. २०१८ मध्ये याच मंत्रालयाने इशारा दिला होता की जुन्या यंत्रणा तशाच ठेवल्या, तर २०२५ नंतर वर्षाला १२ लाख कोटी येनपर्यंत नुकसान होईल. फुजित्सू या जपानी कंपनीने २०३० मध्ये मेनफ्रेम (बँकांसारख्या संस्थांचे मोठे मध्यवर्ती संगणक) विकणं थांबवायचं आणि २०३५ मध्ये सपोर्टही बंद करायचा असं जाहीर केलं आहे. म्हणजे या मशीनवर कोबॉल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा चालवणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि नगरपालिका यांना तारीख मिळाली आहे. इथल्या बाजाराची वाढ बरीचशी या तारखांवर उभी आहे.

नगरपालिकांचंच बघा. १,७४१ स्थानिक संस्थांनी २० प्रकारची कामं (रहिवासी नोंदणी, कर, पेन्शन वगैरे) एकाच प्रमाणित पद्धतीच्या सॉफ्टवेअरवर आणायची, मुदत मार्च २०२६. बऱ्याच संस्थांना ती पाळता आली नाही. चालवण्याचा खर्च ३० टक्के घटवायचा होता. अनेक ठिकाणी तो उलट वाढला. कंत्राटदारासाठी ही कामाची रांग आहे आणि ती लवकर सरणारी नाही.

काम अडतं कुठे, हे एका अक्षरावरून कळेल. वातानाबे या आडनावातलं ‘बे’ कांजीत (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांत) कितीतरी तऱ्हांनी लिहितात, आणि ज्याचं नाव आहे त्याला स्वतःचंच वळण हवं असतं. प्रमाणित संचात नसलेली वळणं प्रत्येक गावाने आपापल्या मशीनवर रिकाम्या कोडमध्ये बसवली. या अक्षरांना म्हणतात गाइजी. आता दोन गावांचा डेटा एकत्र आणला की एकाच कोडवर इथे एक अक्षर, तिथे दुसरंच. स्क्रिप्ट लिहून हे सुटत नाही; अक्षरांची चित्रं शेजारी ठेवून माणसाने डोळ्यांनी जुळवावी लागतात. अंदाजपत्रकात गाइजीची वेगळी ओळ नसेल तर ते अंदाजपत्रक चुकलेलं आहे असं खुशाल समजा. तारखांचंही तसंच. जपानी साल सम्राटाच्या युगाप्रमाणे मोजतात; काही जुन्या यंत्रणा शोवानंतर हेइसेई आणि रेइवा ही युगं आली तरी आत शोवा सालच दोन आकड्यांत मोजत राहिल्या. २०२५ म्हणजे शोवा १००. दोन आकड्यांत ते ‘००’ होतं.

याहून महाग पडणारा शब्द म्हणजे ‘गेन्को-दोरी’, सध्या चालतं तसंच. मागणीपत्रकात हा शब्द आला की ग्राहकाला वाटतं सगळं सांगून झालं. पण ‘तसं’ म्हणजे कसं, हे लिहिलेले कागद जुने झालेले असतात आणि लिहिणारा निवृत्त झालेला असतो. अंदाज स्क्रीन आणि रिपोर्ट मोजून बांधतात, आणि खरी गुंतागुंत रात्रीच्या बॅचमध्ये (आपोआप ओळीने चालणाऱ्या कामांत, म्हणजे जॉबमध्ये) असते. जुनी-नवी यंत्रणा समांतर चालवताना कुठेतरी एका येनचा फरक निघतो आणि अपूर्णांक कुठे कापायचा याचा शोध सुरू होतो. म्हणून दर देण्याआधी पूर्ण जॉब-यादी आणि मागच्या १२ महिन्यांची बिघाड-नोंद मागून घ्यावी. बाराच महिने का? आर्थिक वर्ष इथेही एप्रिल ते मार्च. वर्षअखेरची बॅच वर्षातून एकदाच धावते आणि सहा महिन्यांच्या नोंदीत ती निसटू शकते.

आता पैसा कसा झिरपतो ते. जपानमध्ये आयटीतली सुमारे ७२ टक्के माणसं आयटी कंपन्यांत असतात. अमेरिकेत ३५ टक्क्यांच्या आसपास, बाकीची थेट बँका, कारखाने, दुकानांच्या पगारावर (आकडे २०१५ चे). त्यामुळे जपानी कंपनी सॉफ्टवेअर बांधत नाही, बांधून घेते. मोठा कंत्राटदार काम घेतो, दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला. सगळा हिशोब ‘निन्गेत्सु’त, म्हणजे एका माणसाचा एक महिना. समजा ग्राहक महिन्याला १५ लाख येन मोजतो. पहिल्याने आपला वाटा ठेवून पुढे १२ लाख दिले, दुसऱ्याने १०, तर तिसऱ्या थरातली कंपनी त्या १० लाखांतून स्वतःचा खर्च काढून उरलेल्यात पगार बसवते. बाजार वाढला तरी तळाशी ती वाढ पातळ होऊनच पोचते. मुलाखतीत ‘नानजि-उके देस का’, म्हणजे आपण कितव्या थरात, हे सरळ विचारावं. हा इथे उद्धटपणा समजत नाहीत.

खालच्या थरांत बहुतेक एसईएस करार असतात, म्हणजे इंजिनिअरचं काम महिन्याच्या दराने पुरवायचे, तासांच्या पट्ट्यासह: महिन्याचे तास या पट्ट्यात राहिले तर दर ठरलेला. नेहमीचा पट्टा १४० ते १८० तास. दर ७ लाख येन धरला तर १८० च्या वरचा तास ७ लाख भागिले १८०, म्हणजे सुमारे ३,८८९ येनचा. १४० च्या खालचा तास कापला जातो तो ७ लाख भागिले १४०, म्हणजे पुऱ्या ५,००० येनने. मे २०२६ मध्ये गोल्डन वीक वगळता कामाचे दिवस १८, तास १४४. एक दिवस आजारी पडलं की १३६, आणि ४ तासांचे २०,००० येन गेले. ही कपात कंपनीच्या बिलातून होते. पगारातूनही होणार का, हे कामाच्या करारात वाचून घ्यावं.

क्लाउडची वाढ मोठी आहे, पण तिच्यातला बराच पैसा देशाबाहेर जातो: २०२३ मध्ये डिजिटल सेवांच्या परदेशी व्यवहारातली तूट साडेपाच लाख कोटी येनच्या घरात होती.

तिकडून येणाऱ्यांसाठी एक कमी माहीत असलेली सोय. इंजिनिअरच्या व्हिसाला पदवी किंवा १० वर्षांचा अनुभव लागतो, पण भारतातल्या एनआयईएलआयटी या सरकारी आयटी संस्थेची ए, बी किंवा सी लेव्हल परीक्षा जपान मान्य करतो आणि ती पास असेल तर ही अट सुटते.

उच्च-कुशल व्हिसाला ७० गुण लागतात. वय २९ (१५ गुण), बी.ई. (१०), अनुभव ५ वर्षं (१०), वार्षिक पगार ६० लाख येन (२०): बेरीज ५५. त्यात जेएलपीटी या जपानी भाषा-परीक्षेच्या एन२ पातळीचे (सगळ्यात वरची एन१) १० मिळवले तरी ६५. एन१ चे १५ मिळाले की बरोबर ७०, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज १० ऐवजी ३ वर्षांत करता येतो. वयाची ३० वर्षं पूर्ण झाली की वयाचे १५ चे १० होतात, म्हणून एन१ ची डिसेंबरची परीक्षा वाढदिवसाचं गणित करूनच भरावी.