कमी खर्चात मराठी ब्लॉग उभारताना : माझा अनुभव

ब्लॉग सुरू करायला किती खर्च येतो, असे मला अनेकांनी विचारले आहे. मला तो वर्षाला हजार रुपयांच्या आत आला, आणि तोही केवळ स्वतःच्या नावाच्या वेब-पत्त्यासाठी (डोमेनसाठी). बाकीची सर्व साधने फुकट मिळाली. मात्र जुन्या फाइलींमधला आणि छापील पानांवरचा मराठी मजकूर स्वच्छ करून घ्यायला जे श्रम पडले, त्यांना कोणताही आयता पर्याय नव्हता. या विषयावरच्या बहुतेक लेखांत नेमका तोच भाग दोन ओळींत उरकलेला असतो, म्हणून मी तो इथे जरा सविस्तर मांडत आहे.

माझे वडील सांगलीतील दैनिकांत आणि दिवाळी अंकांत अनेक वर्षे स्थानिक विषयांवर लिहीत असत. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे केलेला नाट्यप्रयोग, हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीतली पेवे, मिरजेची सतारमेकर गल्ली असे त्यांचे विषय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फुटांची धरतात. त्या पुरात गावभागातील आमच्या घरात तळमजल्यावरच्या कपाटातले बरेच अंक भिजून गेले. जे लेख उरले ते कोणालाही, कुठूनही वाचता यावेत, एवढ्यासाठी मला ब्लॉग हवा होता.

पहिला प्रश्न अर्थातच जागेचा होता. स्वतःचे होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेऊन त्यावर वर्डप्रेस हे साइट चालवणारे सॉफ्टवेअर बसवावे, असा सल्ला जवळपास सगळ्यांनी दिला. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते होस्टिंगला. एका कंपनीची जाहिरात दरमहा अगदी किरकोळ रकमेची होती, पण तो दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळणार होता, आणि नूतनीकरणाचा दर त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कितीतरी जास्त लिहिलेला होता. वर्डप्रेस डॉट कॉमची फुकट योजना पाहिली, तर तिच्यात लेखांच्या आजूबाजूला त्यांच्या जाहिराती येतात. गिटहब पेजेसवर स्थिर पानांची साइट विनामूल्य ठेवता येते आणि ती उघडतेही झटकन. पण प्रत्येक लेख फाइल म्हणून चढवावा लागतो, आणि त्या तंत्रात रमणाऱ्यालाच ते सोयीचे आहे. मी शेवटी ब्लॉगर निवडले. 1999 साली सुरू झालेली आणि 2003 पासून गूगलकडे असलेली ही सेवा आता थोडी जुनाट दिसते, हे खरे आहे. तरीही जागा फुकट, स्वतःचा पत्ता जोडणे फुकट आणि सुरक्षा प्रमाणपत्रही फुकट, हे सगळे तिथे एकत्र मिळते. ज्याला प्रामुख्याने मजकूर वाचायला द्यायचा आहे, त्याने पहिल्या वर्षी होस्टिंगवर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्ता मात्र विकत घ्यावा. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जायचे ठरले, तरी वाचकांनी जपून ठेवलेला पत्ता बदलत नाही, आणि हे समाधान हजार रुपयांत महाग नाही. मी .इन या शेपटीचा पत्ता घेतला. देवनागरीतला .भारत पत्ताही मिळतो आणि तो घ्यावा असे मनापासून वाटत होते. पण असा पत्ता ब्राउझरमधून उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याचे इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक रूप समोर येते, आणि आपल्याकडचे वाचक अशा दुव्यावर बोट ठेवायला कचरतात. नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर करावी. ओळखीच्या मुलाने साइट करून दिली आणि पत्ता त्याच्या नावावर राहिला, असे मी दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे. तसेच पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरावा. पत्ता ब्लॉगरला जोडण्यासाठी पत्ता विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर, डीएनएसच्या पानावर (पत्ता कुठल्या साइटकडे न्यायचा ते तिथे ठरते) सीनेम या प्रकारच्या दोन नोंदी कराव्या लागतात. त्या ब्लॉगरच्या सेटिंगमध्येच दिलेल्या असतात, जशाच्या तशा उतरवायच्या. त्यानंतर ब्लॉगरमधली एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, दोन्ही बटणे चालू केली की कुलपाची खूण दिसू लागते.

आता मजकुराकडे येतो. वडिलांचे नंतरच्या काळातले लेख डीटीपीवर, म्हणजे छपाईसाठी संगणकावर, श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप झालेले होते. ते काम करणाऱ्या काकांनी पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्रामच्या जुन्या फाइली शोधून त्यांतला मजकूर साधा करून दिला. पण श्रीलिपी नसलेल्या संगणकावर तो उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रास दिसते, कारण या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांनी मानलेल्या प्रमाण, क्रमांकांवर बसवलेली नसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रत्येक जुन्या फॉन्टचा तक्ता वेगळा असल्याने योग्य फॉन्ट निवडणे महत्त्वाचे ठरते. त्यानंतरही पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाणे आणि रफार एक घर सरकणे हे दोष राहतातच, तेव्हा मूळ छापील पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते.

सर्वांत जास्त वेळ ‘ऱ्या’ने घेतला. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिलेला आढळतो: एक नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत देऊन, आणि दुसरी साध्या र ला हलंत देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्यांचा अक्षरक्रम वेगळा असतो. त्यामुळे शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा निसटू शकतो. शिवाय मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले, तर ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ होतो आणि कोणताही प्रोग्राम त्यावर हरकत घेत नाही. मी लिबरऑफिस रायटर या विनामूल्य प्रोग्राममध्ये शोधा-आणि-बदला वापरून सगळे लेख पहिल्या पद्धतीवर आणले. नवा मजकूर इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर टाइप करतो, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही: इंग्रजी जे च्या कळीवर र आहे, शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ, आणि डी च्या कळीवर हलंत. हा कळफलक विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

ज्या लेखांच्या फाइली नव्हत्या, त्यांच्या छापील पानांचे मोबाइलवर फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवले आणि ते गूगल डॉक्समध्ये उघडले. फोटोतली अक्षरे ओळखून मजकूर खाली येतो, आणि मराठीसाठी हे काम अपेक्षेपेक्षा बरेच चांगले होते. दोन स्तंभांच्या पानांत मात्र ओळींची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक स्तंभाचा फोटो वेगळा घ्यावा. डाग पडलेल्या आणि ओल धरलेल्या पानांपुढे यंत्राने हात टेकले. ती मी वाचून टाइप केली.

लेख चढवताना दुव्याकडे लक्ष द्यावे. शीर्षक मराठी असेल तर ब्लॉगर त्यातून दुवा बनवू शकत नाही आणि सगळ्या लेखांना ‘ब्लॉग-पोस्ट’ अशाच नावाचे आकडे लावलेले दुवे देतो. वर्डप्रेस मराठी दुवा बनवते, पण तो पाठवताना एकेका अक्षराच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे येतात आणि दुवा हातभर लांब होतो. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वी दुव्याचे छोटे नाव रोमन अक्षरांत स्वतः द्यावे, कारण लेख प्रकाशित असताना ते बदलता येत नाही.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवरचा ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतला. त्यात ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकांतल्यासारखे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. वडिलांचा मजकूर त्याच वळणात वाचला जावा, याबद्दल मी आग्रही होतो. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषाही मराठी निवडली. फोटो स्कूश या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या साधनाने लहान केले. चार-पाच एमबीचा फोटो दोनशे केबीच्या आत येतो आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. ब्लॉग गूगलच्या शोधात यावा म्हणून गूगलच्या सर्च कन्सोलवर त्याची नोंद करून साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, दिला, तेही विनामूल्य.

जतन करण्यासाठी ब्लॉगरच्या सेटिंगमधून सर्व लेखांची एक फाइल उतरवता येते. ती मी दर महिन्याला उतरवतो आणि तिची एक प्रत पुण्याला बहिणीकडे पाठवतो. ब्लॉगरच्या या फाइलीत मूळ फोटो येत नाहीत, म्हणून ते वेगळे ठेवतो. प्रत्येक नवा लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही साठवतो. त्यासाठी तिथे लेखाचा दुवा देणे एवढेच करावे लागते. पत्त्याचे पैसे आपोआप कापले जातील या भरवशावर न राहता मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावली आहे, कारण मुदत टळून काही काळ गेला की तोच पत्ता परत मिळवायला जबर शुल्क पडते. सध्या नाटकांवरचे लेख पूर्ण झाले असून हळदीच्या पेवांवरचे लेख तपासायचे काम चालू आहे.