तुम्ही विचारलंत म्हणून : मांजर अजून का ठेवली?

"वहिनी, इतकं झालं तरी मांजर कायले ठेवली वो?"

निंदणात, एसटीच्या थांब्यावर, हळदीकुंकवाला, सगळीकडे हेच. विचारणाऱ्यांना माझं पोटातलं लेकरू गेलं ते महिन्यासकट ठाऊक असतं, म्हणून ते सांगत नाही.

यवतमाळकडे कापूस भाव येईपर्यंत घरातच पडून राहतो. त्यात उंदीर पिलं घालतात, तुरीची पोती फोडतात. विष ठेवावं तर अंगणात शेळ्या आणि लेकरं. मांजर मला लाडासाठी नको, कामासाठी हवी.

पण त्याच उंदरात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो, हेही मला माहीत आहे. १९०८ साली तो ट्यूनिसला सापडला तोसुद्धा गुंडी नावाच्या, उंदराच्याच गणातल्या प्राण्यात. तो उंदराच्या मेंदूत, स्नायूंत गाठी करून राहतो आणि वरून उंदीर धडधाकट दिसतो. लागण झालेले उंदीर मांजराच्या वासाला तेवढे बिचकत नाहीत, असं ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. असा उंदीर मांजरीनं खाल्ला की तिच्या आतड्यात परजीवी वाढतो आणि एक-दोन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी पडतात.

आता तो दिवस. तालुक्याच्या डॉक्टरांनी टॉर्च टेस्टचा, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या लागणींच्या रक्ततपासणीचा कागद पाहिला, टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीजीपुढची (लागणीविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडापुढची) खूण पाहिली आणि विचारलं, "घरी मांजर आहे?" मी हो म्हटलं. त्या एका 'हो'वर सगळं ठरलं. सासूबाई बाहेर बाकावर होत्या, त्यांना ऐकू गेलं. घरी येईस्तोवर कोणी बोललं नाही. सांजच्याला ह्यांनी मांजरीला पोत्यात घातलं. ती आत ओरडत होती, नखं तागातून बाहेर येत होती, आणि पोत्याचं तोंड मी धरलं होतं, ह्यांनी सुतळी बांधेपर्यंत. मला तेव्हा बरं वाटलं. कोणीतरी दोषी सापडलं होतं आणि ती मी नव्हते. त्या वेळच्या मला आजही चूक म्हणवत नाही. लेकरू गेलेलं होतं, तिला काहीतरी धरायला हवं होतं.

नंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. नुसतं आयजीजी म्हणजे लागण कधीतरी झाली, कदाचित कित्येक वर्षांपूर्वी. पोटातल्या बाळाला मुख्य धोका पहिली लागण गरोदरपणातच झाली तर. जुन्या लागणीनं उलट बाळाला बहुधा संरक्षणच मिळतं. आयजीएम (नव्या लागणीत आधी दिसणारं प्रतिपिंड) आणि अ‍ॅव्हिडिटी (आयजीजी किती घट्ट चिकटतं ते) पाहिल्याशिवाय लागण जुनी की नवी हे ठरत नाही, आणि माझं ते कोणी पाहिलंच नव्हतं. शिवाय लागण वावरातल्या मातीतून होते, न धुतलेल्या सांभारातून, म्हणजे कोथिंबिरीतून होते, कच्च्या राहिलेल्या मटणातूनही होते. मी लग्नाआधीपासून खुरपं धरते.

म्हणून मांजर दोषातून सुटली? नाही. तपासणी झाली नाही, म्हणजे लागण नवी नव्हती असंही मला म्हणता येत नाही. रात्री जाग आली की हा हिशेब मी पुन्हा मांडते, आणि तो दरवेळी वेगळा येतो.

आत्ताची मांजर जाऊबाईंकडची. तिची घाण रोजच्या रोज उचलतो, कारण ती अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला १ ते ५ दिवस घेतात. मला पुन्हा दिवस गेले तर ते काम ह्यांचं, तेवढं ठरलंय. मांजर तेव्हा घरात राहील की नाही, ते नाही ठरलं. सासूबाई नको म्हणतात. मी राहू द्या म्हणते, पण त्यांची भीती खोटी आहे असं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.